छोटं कॉफी शॉप काढताना आणि माणसं ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅफे काढायला निघालेल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, आणि त्यांच्या मुळाशी समजूतही एकच असते: "आपलं दुकान छोटं, आपल्याला कुठले कायदे?" हे अर्धंच खरं आहे. काही कायदे माणसं मोजून लागू होतात, काही उलाढाल मोजून, आणि काही पहिला कप विकला किंवा पहिला माणूस कामावर ठेवला त्याच दिवसापासून. खालची उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. गोव्यातल्या वाचकांनी केंद्राच्या कायद्यांचा भाग जसाच्या तसा धरावा. शॉप ॲक्ट, व्यवसाय कर आणि पालिकेच्या परवानग्या तिकडच्या वेगळ्या.

१. दहा बाय पंधराचा गाळा आहे, कॉफी आणि सँडविच एवढंच विकणार. कमीत कमी कोणते कागद लागतात?

फूड लायसन्स (प्र. २), जागेचा नोंदवलेला करार (प्र. ३), शॉप ॲक्टची सूचना (प्र. ५), व्यवसाय कराची नोंदणी (प्र. १३) आणि महापालिका किंवा नगरपालिकेचा खाद्यगृहाचा आरोग्य परवाना. हा शेवटचा परवाना मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली येतो, पुण्यासारख्या इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याखाली. जीएसटी उलाढालीवर ठरतो (प्र. १५). उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून केंद्राकडे होणारी नोंद) ऐच्छिक आहे, पण फुकट आहे आणि बँकेत कामाला येते, तेव्हा करून टाका.

क्रम महत्त्वाचा. आधी जागा पक्की, मग कागद, मग मशीन. बहुतेक जण आधी एस्प्रेसो मशीन बुक करतात.

२. फूड लायसन्स म्हणजे नोंदणी की परवाना? माझं कशात बसतं?

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली दोन्ही प्रकार आहेत. २०११ च्या नियमावलीने वार्षिक १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी आणि त्यावर परवाना अशी वाटणी केली. ही मर्यादा आणि फी नियमदुरुस्तीने बदलते, म्हणून अर्ज करताना फॉस्कॉस या फूड लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर जो आकडा दिसेल तोच धरा. तिथे स्वतः अर्ज करता येतो. एजंटाची गरज नसते.

मिळालेला १४ अंकी क्रमांक दुकानात दिसेल असा लावायचा, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवणारा माणूस समोर असतानाच तो टाकून घ्या, नंतर राहून जातो. पदार्थाच्या कॅलरी मेन्यूवर छापण्याची सक्ती मात्र केंद्रीय परवानाधारक किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्यांनाच आहे.

३. सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय. तिथे कॅफे काढता येईल का?

मंजूर नकाशात ती जागा निवासी असेल तर नाही. वापर बदलाची परवानगी आधी, दुकान नंतर. सोसायटीचं ना हरकत पत्र मिळालं म्हणजे पालिकेची परवानगी मिळाली असं होत नाही, आणि पालिकेची मिळाली म्हणून सोसायटी गप्प बसेल असंही नाही.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असो की भाड्याचा, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल तुमचंच म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही; तरी "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे" हे कुणी म्हटलं तर ऐकू नका. करारात जागेचा वापर "खाद्यगृह" असा स्पष्ट लिहून घ्या, एक्झॉस्टचा पाइप कुठून जाणार तेही लिहा. वरच्या मजल्यावरच्यांच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

दुकानासमोरच्या फ्रंट मार्जिनमध्ये टेबलं लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती जागा करारात तुम्हाला दिली असली तरी नकाशात मोकळी सोडलेली असते, आणि फूटपाथ तर तुमच्या घरमालकाचाही नसतो. अतिक्रमण विभागाची गाडी आली की आधी खुर्च्याच उचलल्या जातात.

४. दोनच शेगड्या आहेत. घरचा सिलिंडर चालेल ना? आणि फायरचं काय?

नाही चालणार. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्यात वापरणं हा गुन्हा आहे. तपासणीत तो जप्त होतो. व्यावसायिक १९ किलोचा निळा सिलिंडर घ्या. वेगळ्या साठवण परवान्याशिवाय एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो, म्हणजे भरलेले पाच. काउंटरखाली, मशीनच्या वायरींना लागून सिलिंडर ढकललेला दिसला की तपासणाऱ्याचा पुढचा सूर बदलतो. सगळं विजेवर चालवता येत असेल तर हा प्रश्नच मिटतो.

आगीच्या बाबतीत २००६ चा राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा पाहा. त्याच्या कक्षेतल्या इमारतीत मालक किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून नमुना ब (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. संपूर्ण इमारतीचा तो सोसायटी भरते का, हे भाडं ठरवण्याआधी विचारा. लोअर परळच्या कमला मिल्स आवारात २९ डिसेंबर २०१७ ला लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यानंतर खाद्यगृहांतल्या अडवलेल्या वाटांकडे काणाडोळा होत नाही. मागच्या दारापुढे दुधाचे क्रेट रचू नका.

५. चारच माणसं आहेत. शॉप ॲक्ट, म्हणजे गुमास्ता, लागतो का?

लागतो, पण हलक्या रूपात. २०१७ च्या कायद्यात नोंदणीची रेषा मुळात १० कामगारांची होती. ती २० वर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. रेषेखालच्या दुकानाला नोंदणी करायची नसते, मात्र धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पोचपावती म्हणजेच लोक ज्याला "शॉप ॲक्ट" म्हणतात ते. चालू खातं उघडताना बँक पहिल्यांदा हाच कागद मागते.

६. नावाची पाटी इंग्रजीत चालेल का? ब्रँडच तसा आहे.

नाव कोणतंही ठेवा, पण पाटीवर ते मराठीत, देवनागरीत, आधी असलं पाहिजे आणि त्याची अक्षरं इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. मार्च २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही हे लागू झालं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. डिझायनरला हे लोगो करण्याआधी सांगा.

७. "दहा माणसं", "वीस माणसं" असं सगळीकडे येतं. ही मोजायची कशी?

डोकी मोजायची, तास नाही. संध्याकाळी चार तास येणारा कॉलेजचा मुलगा हाही एकच माणूस. तुम्ही मालक, तुम्ही धरले जात नाही. एजन्सीकडून आलेला सफाईवाला लैंगिक छळविरोधी कायद्यासाठी धरला जातो, शिकाऊही. "तिघं माझे, बाकीचे एजन्सीचे" ही पळवाट फारशी उपयोगाची नाही, कारण एजन्सीने पगार बुडवला तर वेतन संहितेनुसार तो तुमच्या अंगावर येतो.

पायऱ्या अशा. पहिल्या माणसापासून: किमान वेतन, वेळेवर पगार, पगाराची चिठ्ठी, आठवड्याची सुट्टी. पाच झाले की कामगार कल्याण निधी. दहा झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा आणि अंतर्गत समिती (प्र. १२). वीस झाले की पीएफ आणि बोनस.

आता अडचणीचा भाग. दिवाळीत तात्पुरती दोन पोरं घेतली आणि आकडा दहावर गेला, जानेवारीत पुन्हा आठ झाला. ईएसआय सुटत नाही. एकदा लागू झालं की माणसं कमी झाली तरी चालूच राहतं: महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी तुमचा वाटा ३.२५ टक्के, त्यांचा ०.७५ टक्के. मला विचाराल तर हे ओझं नाही. कारण प्र. ११ मध्ये आहे.

८. नवीन मुलाला कॉफी शिकवतोय. पहिले दोन महिने "ट्रेनिंग" म्हणून बिनपगारी ठेवलं तर?

तो ऑर्डर घेतोय, टेबल पुसतोय, कप धुतोय. म्हणजे काम करतोय, आणि काम आहे तिथे किमान वेतन आहे. रीतसर शिकाऊ उमेदवारीची योजना वेगळी, तिथे करार आणि ठरावीक विद्यावेतन असतं. दुकानात तोंडी ठरवलेलं "ट्रेनिंग" त्यात बसत नाही.

महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांसाठी किमान वेतन परिमंडळानुसार आणि कौशल्यानुसार ठरतं: मूळ दर अधिक विशेष भत्ता. हा भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. त्यामुळे शेजारच्या कॅफेवाल्याने मागच्या वर्षी सांगितलेला आकडा उपयोगाचा नाही, कामगार विभागाचा ताजा दर काढा. कमी पगार दिला तर फरक द्यावा लागतोच, शिवाय वेतन संहितेत ५०,००० पर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर तीन महिने कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही.

ही वेतन संहिता आणि तिच्या सोबतच्या तीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्याआधीचे नियुक्तिपत्राचे नमुने अजूनही फिरतात. नवीन करून घ्या, आणि माणूस एक असला तरी पत्र द्या.

९. रात्री गल्ल्यात ३४० रुपये कमी आले. कप फुटले. पगारातून कापू का?

सरसकट नाही. कपात दोन अटींवर होते: ती वस्तू किंवा रक्कम त्याच माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली होती, आणि नुकसान त्याच्या हयगयीनेच झालं. त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. एका गल्ल्यावर दिवसभरात तिघं हात घालत असतील तर ३४० रुपये कुणाचे कापणार? शिफ्ट बदलताना रोकड मोजून दोघांच्या सह्या घ्यायची सवय लावा. कपाची बशी धुताना फुटली, तर ती धंद्याची झीज.

उशिरा आल्याचा "दंड" हा वेगळा प्रकार. तो आधी मंजूर करून घेतलेल्या आणि फलकावर लावलेल्या कारणांसाठीच, आणि त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच. सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारावर जाता कामा नये. राहायला खोली दिली असेल तर तिचं भाडंही यातच.

१०. पगार रोख दिला तर चालतो? आणि मुलगा न सांगता निघून गेला, त्याचा पगार अडवू का?

रोख चालतो. पण सही घेतलेली चिठ्ठी नसेल तर तो दिलाच नाही असं समजा. खात्यात टाकणं दोघांच्याही सोयीचं. एकाच दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च आयकरात धरायलाही अडचण येते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे.

निघून गेलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. राजीनामा असो की तुम्ही काढलेलं असो, मुदत तीच. मुलगा शनिवारी रात्री गेला आणि रविवारी सकाळी काउंटरवर कुणी नव्हतं, याचा राग समजू शकतो. तरी केलेल्या दिवसांचा पगार त्याचा आहे. मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड "अनामत" म्हणून ठेवून घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मात्र सरळ बंद करा.

११. दूध तापवताना वाफेच्या नळीने मुलाचा हात भाजला. खर्च कुणाचा?

ईएसआय असेल तर उपचार आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई तिथून. नसेल, म्हणजे दहापेक्षा कमी माणसं असतील, तर कामावरच्या अपघाताची भरपाई तुमच्या खिशातून. पूर्वी हे १९२३ च्या कायद्यात होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. "त्याचीच चूक होती" हा बचाव फार क्वचित टिकतो. म्हणून छोट्या दुकानाने कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्यावीच. मशीनच्या विम्यात हे येत नाही. तिथे बॉयलर झाकला जातो, हात नाही.

१२. स्टाफमध्ये दोन मुली आहेत. रात्रीची शिफ्ट देता येते का? आणि समिती करावी लागते का?

शॉप ॲक्टमध्ये महिलांसाठी सकाळी ७ ते रात्री ९.३० ही वेळ आहे. त्यानंतर थांबवायचं असेल तर त्यांची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत पोचवायची सोय हवी. दुकान नोंदणीच्या रेषेखाली असलं तरी हेच पाळा. बंद करून, भांडी लावून निघेपर्यंत साडेदहा वाजतात, हे शिफ्ट आखताना धरा.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती सक्तीची. न केल्यास ५०,००० पर्यंत दंड. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता स्टाफच्या खोलीत लावा. ग्राहकाने काउंटरवरच्या मुलीला त्रास दिला तरी ती तक्रार करू शकते आणि तिला मदत करणं तुमचं काम आहे.

१३. व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी म्हणजे किती?

मालकाचा व्यवसाय कर वर्षाला २,५००. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा वेगळा. कर्मचाऱ्यांचा पगारातून कापायचा: पुरुषांना ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत महिना १७५, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत काहीच नाही. कल्याण निधी सहामाही आहे, जून आणि डिसेंबरचा: कर्मचाऱ्याचे २५, तुमचे ७५. रक्कम किरकोळ म्हणून लोक विसरतात.

१४. सतरा वर्षांचा भाचा सुट्टीत काउंटरवर बसला तर?

चौदाखालचं मूल उपाहारगृहात कामाला ठेवता येत नाही. चहाची टपरी आणि हॉटेल यांना ही बंदी ऑक्टोबर २००६ पासूनच आहे. चौदा ते अठरामधल्यांना धोकादायक नसलेलं काम देता येतं, पण दिवसाला विश्रांती धरून सहा तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मध्ये अजिबात नाही. ओव्हरटाइमही नाही. कॅफेची गर्दी सातनंतरच, त्यामुळे बारिस्टा अठराच्या वरचाच घ्या आणि वयाचा पुरावा फाइलला ठेवा. स्वतःच्या कुटुंबाच्या दुकानात शाळेनंतर हातभार लावायची सवलत आहे. भाच्याला पगारावर ठेवलंत की तो कर्मचारी.

१५. जीएसटी कधीपासून? आणि घरमालक जीएसटीवाला नसेल तर भाड्यावर काय?

राज्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी. स्विगी-झोमॅटोवरच्या ऑर्डरचा कर १ जानेवारी २०२२ पासून तेच भरतात, पण ती विक्री तुमच्या २० लाखांत मोजली जाते. साध्या पद्धतीत ५ टक्के, ग्राहकाकडून घेऊन, खरेदीवरच्या कराचा परतावा नाही. कंपोझिशनमध्येही (छोट्या धंद्यांसाठीची सोपी, ठोक कराची योजना) ५ टक्केच, पण स्वतःच्या खिशातून. ग्राहकाच्या बिलात तो लावता येत नाही.

मग कंपोझिशन कशाला, असं वाटेल. इथे भाडं येतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून घरमालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही असाल, तर दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी तुम्ही रिव्हर्स चार्जने भरायचा. परतावा नसल्यामुळे ५०,००० भाड्यावर महिना ९,००० निव्वळ खर्च. कंपोझिशनवाल्यांना यातून जानेवारी २०२५ मध्ये वगळलं. हिशेब करून घ्या, सल्लागार आपणहून सांगेलच असं नाही.

१६. सर्व्हिस चार्ज लावू का? पाण्याची बाटली एमआरपीच्या वर विकू का?

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती योग्य ठरवली. टिपचा डबा ठेवा.

बाटलीचं उत्तर गंमतशीर आहे. टेबलावर बसलेल्या गिऱ्हाइकाला हॉटेलने एमआरपीपेक्षा जास्त लावलं तर चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं. काउंटरवरून उचलून बाहेर जाणाऱ्याला मात्र तुम्ही सेवा काहीच देत नाही, त्याला छापील किमतीलाच द्या.

१७. ओळखीच्या काकू घरून केक देतात. त्यांच्याकडूनही लायसन्स मागायचं?

हो. माल नोंदणीकृत किंवा परवानाधारकाकडूनच घ्यायचा असतो, आणि केक खाऊन कुणी आजारी पडलं तर विचारणा विकणाऱ्याला होते. काकूंना छोटी नोंदणी काढून द्या, प्रत्येक वेळी साधं बिल घ्या. स्टाफपैकी जो जो खाद्यपदार्थ हाताळतो त्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या रोगांची लस, याचेही कागद याच फाइलला.

१८. भाजलेल्या बिया आणि पावडर पाकिटात विकली तर?

पाकिटबंद केलंत की तुम्ही नुसतं खाद्यगृह राहत नाही: लायसन्समध्ये तो प्रकार जोडायचा, वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची आणि वजन, किंमत, तारीख, पत्ता असं लेबल छापायचं. चिकोरी मिसळली असेल तर कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर लिहायचं.

१९. पार्सलला कोणते कप वापरू? आणि दुकानात माझ्याच मोबाइलवरून गाणी लावली तर?

प्लॅस्टिकचे स्ट्रॉ, ढवळायच्या काड्या, कप-चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदी कपांवर राज्याने त्याच महिन्यात बंदी घातली. प्रमाणित कंपोस्टेबल माल घ्या आणि पुरवठादाराकडून प्रमाणपत्राची प्रत मागा; "इको" असं कपावर छापलेलं असणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पहिला दंड ५,००० चा.

गाण्याच्या ॲपची वर्गणी वैयक्तिक ऐकण्यासाठी असते. गिऱ्हाइकांसाठी लावलं की ते सार्वजनिक सादरीकरण, त्याला ध्वनिमुद्रणाच्या आणि रचनेच्या हक्कदारांची परवानगी लागते.

२०. चालू कॅफे सगळ्या सामानासकट विकत घेतोय. जुन्या मालकाच्याच लायसन्सवर चालवू का?

नाही. फूड लायसन्स विकता येत नाही. मालकाचा मृत्यू झाला तर वारसांना ९० दिवसांची मुदत मिळते, एवढाच अपवाद. जीएसटी, शॉप ॲक्ट, आरोग्य परवाना हेही तुमच्या नावाने नवीन. सौद्याची शेवटची रक्कम देण्याआधी ईएसआय, पीएफ, वीजबिल आणि घरमालकाची थकबाकी नसल्याचे कागद मागा, आणि जुना स्टाफ ठेवत असाल तर त्यांचा तोवरचा हिशेब कोण देणार हे करारात लिहून घ्या. हप्त्यावरचं मशीन असेल तर ते जुन्या मालकाचं आहे की फायनान्स कंपनीचं, हेही तेव्हाच बघा.